दाराला बांधलेलं नवं

१

रंभाबाई गेल्या त्या ऐन दसऱ्याच्या दिवशी, भर दुपारी, शहापुरातल्या आपल्या घरात, आपल्याच खाटेवर. लकव्यानं पडून राहिलेलं म्हातारं माणूस. असं माणूस गेलं की लोक 'सुटली बिचारी' म्हणतात आणि बांबू आणायला जातात. पण दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी तोंड उघडून बॅटरी मारली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. घशात भाताची शितं होती. चांगली अख्खी, चिकट शितं, पार श्वासाच्या वाटेत जाऊन बसलेली.

रंभाबाईंना गिळता येत नव्हतं. त्यांना नाकातल्या नळीतून, फडक्यानं गाळलेलं पातळ अन्न मिळे. तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मग भात आला कुठून?

घरच्यांनी बोट दाखवलं रखमीकडे. रखमी ही शेणव्याच्या वरच्या आदिवासी वाडीतली बाई. 'ऊब होम नर्सिंग ब्युरो'नं रंभाबाईंच्या देखभालीला पाठवलेली. मुलानं, आदेशनं, तक्रार दिली आणि म्हाताऱ्या नवऱ्यानं, काळूरामनं, त्या तक्रारीवर अंगठा उठवला. पोलिसांनी रखमीला रोज बोलावून बाकावर बसवायला सुरुवात केली.

आता पोलिसांनाही प्रश्न पडला, की या ब्युरोवर लक्ष ठेवतं कोण? त्यांनी आरोग्य खात्याला विचारलं. खातं म्हणालं, खाटा असत्या तर दवाखाना म्हणून आमचा, खाटाच नाहीत. नर्सेसची नोंदणी करणारे म्हणाले, ती नर्सच नाही. असं फिरत फिरत ते लचांड मुरबाडला राहणाऱ्या भगीरथ घरतांच्या गळ्यात पडलं. भगीरथ होते दुकान निरीक्षक. अमुक दुकानाचं शटर सुट्टीच्या दिवशी बंद होतं का, नोकराला बसायला स्टूल आहे का, हे बघायचं त्यांचं काम. ब्युरोकडे परवाना होता तो फक्त दुकानाचा. म्हातारी माणसं ज्यांच्या हाती सोपवायची त्यांच्यावर सरकारचा डोळा एवढाच, आणि तोही चष्म्यातून बघणारा.

"ब्युरोची बाई शिकवलेली होती का आणि जागेवर होती का, तेवढं लिहून द्या," पोलिसांनी सांगितलं. "मग तिला आत टाकायला आम्ही मोकळे."

भगीरथ बाकाजवळ गेले. रखमी पदर डोक्यावर ओढून बसली होती.

"तू भरवलंस का गं?"

"नाय साहेब. मी नाय भरवलं."

"मग तेव्हा तू होतीस कुठं?"

"तिथंच. खाटेजवल."

"खाटेजवळ होतीस, तर मग भरवलं कोणी ते दिसलं असेल की."

रखमीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. यातली एक गोष्ट खोटी होती, हे कळायला भगीरथांना तपासनीस असण्याची गरज नव्हती. कुठली, तेवढंच कळत नव्हतं.

२

ब्युरो मुरबाडच्या बाजारात, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर होता. मालक दामू. पूर्वी म्हसा गावच्या जत्रेत पाळण्याचा ठेका घ्यायचा, आता आजारी माणसांचा घेत होता. भिंतीला खिळ्यांवर पांढरे कोट टांगलेले, आणि खाली एक बाई कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत उभी.

"बसा, साहेब. चहा सांगू?"

"बायकांना शिकवता काय, ते सांगा."

"सगलं शिकवतो. नली कशी धरायची, कूस कशी बदलायची, पावडर कशी लावायची. आणि मुख्य म्हणजे कोट घालायचा. कोट बघितला की घरच्यांना धीर येतो."

"रखमी कशी होती?"

दामूनं दोन्ही हात जोडले. "सोन्यासारखी बाई. पण काय करणार, माणूस चुकतो. आली असेल दया, भरवला असेल घास. अडाणी जमात ती."

एवढ्या झटपट आपलं सोनं पितळ ठरवणारा मालक भगीरथांनी पाहिला नव्हता. ते उठले, तर दामू जिन्यापर्यंत सोबत आला.

"साहेब, वाडीतल्या सगल्या बायका माझ्याकडं आहेत. ब्युरो बंद झाला तर त्यांच्या चुली बंद. रखमीलापण हे ठाऊक हाय." आणि मग अगदी सहज, "मी तिला सांगितलंय तसं."

भगीरथ जिन्यातच थांबले. चूक केलेल्या बाईला मालक 'तू कशी चुकलीस' असं विचारतो. हा तिला चुली बंद पडायची गोष्ट कशाला सांगायला गेला होता?

३

काळूरामचं घर शहापूरच्या जुन्या वस्तीत, कौलारू, पुढं ओटी. बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकलं होतं, पण घरावरची शोककळा उतरली नव्हती. दाराच्या चौकटीला दसऱ्याचं तोरण तसंच लटकत होतं. झेंडू काळे पडलेले, आंब्याची पानं वळलेली, आणि मध्ये नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी. 'नवं' म्हणतात त्याला. शेतातलं पहिलं पीक घरात आलं की दाराला बांधायचं. ज्या दिवशी बांधलं त्याच दिवशी मयत झालं, मग ते उतरवायचं भान कुणाला राहणार?

समीक्षा, म्हणजे रंभाबाईंची सून, चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. भगीरथांनी विचारलं तेव्हा ती पाठ केल्यासारखं बोलू लागली.

"त्या दिवशी शेतावरून नवे तांदूळ आले होते. मी पेज केली, देवापुढं ठेवली. आणि तुळशीपाशी गेले, दिवा लावायला. परत येते तर आईंच्या तोंडाला पेज लागलेली नि डोळे वर गेलेले. रखमीनंच ती वाटी उचलून भरवली. मी ओरडले."

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, रखमीला भरवताना?"

"दुसरं कोण होतं घरात?" समीक्षानं कपबशी नीट होती ती उगाच पुन्हा नीट केली.

"आदेशराव?"

"ते कामावर. संध्याकाळी आले."

"आणि बाबा?"

"बाबा ओटीवर होते," ती भराभर म्हणाली. "त्यांना काही विचारू नका. त्यांना दिसत नाय नि ऐकू पण कमी येतं."

काळूराम ओटीवरच होते, भिंतीला टेकून. डोळ्यांत मोतीबिंदूचा दूधपडदा. भगीरथ शेजारी बसले तेव्हा त्यांनी चाचपून त्यांचा हात धरला.

"त्या बाईला फाशी द्या," म्हातारा म्हणाला. "मी कदी कुणाचं वाईट चिंतलं नाय. पण तिला द्या."

मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "दसऱ्याला हसली व्हती ती माझ्याकडं बघून. सालभर हसली नव्हती."

म्हाताऱ्या माणसाचं मन कुठल्या कुठं जातं, असं भगीरथांना वाटलं आणि त्यांनी ते सोडून दिलं. आपण काय सोडून दिलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

ते निघाले, तर शेजारच्या कुडाआडून कुणीतरी हळूच हाक मारली. "ओ साहेब! मागल्या दारानं या."

४

हाक मारणारी होती काजल, शेजारीण. तिचं अंगण काळूरामच्या मागल्या दाराला लागून. माणसाला आपण पाहिलेलं पोटात ठेवणं किती जड जातं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"माझं नाव घेऊ नका हां. शेजार हाय आमचा. पन ती रखमी बिचारी... समीक्षा ओरडली ना, तवा मी हितंच भांडी घासत व्हते. वराडल्यावर रखमी आत गेली. बाहेरनं पलत आली नि आत गेली!"

"बाहेरून? कुठून?"

"त्या मागल्या गल्लीतून. कोट नाय अंगात, पायात चप्पल नाय. आणि हाताला ही पांढरी पावडर, कोपरापत्तुर."

"रंभाबाईंना पावडर लावत असेल."

"ती सकाली लावायची, अंग पुसून झाल्यावर. दुपारला नाय." काजलनं आवाज आणखी उतरवला. "आणि बाहेर उभं ऱ्हाऊन का लावील, तुमीच सांगा."

भगीरथ मागल्या गल्लीत शिरले. अंथरुणाला खिळलेलं माणूस कुणाकडं आहे, हे अशा गल्लीत विचारायला लागत नाही; दांडीवर वाळत घातलेली फडकी सांगतात. एका वाण्याच्या घरी त्याचे वडील, दाजी, पाठीच्या जखमा घेऊन कुशीवर पडले होते. वाणीण सरळ बाई होती.

"रखमी ना? आमचीच बाई ती. दुपारची. ब्युरोनंच दिलेली. दसऱ्याला दाजींच्या पाठीला पावडर लावत होती, तर पलीकडून ओरडा आला आणि ती धावली. दाजी तसेच उघडे राहिले, बघा. नंतर आलीच नाही. आम्हाला दुसरी बाई कधी मिळणार?"

एकाच वेळी एकच बाई दोन घरांना दिलेली! रंभाबाईंच्या घरी ती 'जेवून येते' म्हणून निघे, इकडे दाजींची कूस बदले आणि परत जाई. दोन्ही घरांना वाटे, ही बाई फक्त आपलीच आहे. एखाद्या दुकानदारानं एकच पोतं दोघांना विकलं असतं तर भगीरथांनी त्याचं मानगूट धरलं असतं. माणूस विकला तर कुठलं कलम लावायचं, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

म्हणजे भरवलं तेव्हा रखमी तिथं नव्हती. ती सुटली होती, फक्त तिनं तोंड उघडायला हवं होतं. पण ते कळल्यावर भगीरथांना जास्तच भीती वाटू लागली. रखमी नव्हती, आदेश कामावर होता. मग उरलं कोण?

समीक्षा.

५

दुसऱ्या दिवशी ते शेणव्याला गेले आणि तिथून चढ चढून वाडीवर. रखमीची जाऊ, राही, दारात बसली होती. तीही ब्युरोचीच बाई. तिनं भगीरथांना बसायला घोंगडी टाकली, पण तोंडावर राग होता.

घरात कोपऱ्यात कापून झोडलेल्या नव्या भाताची रास होती, वास साऱ्या घरभर. आणि चुलीवर शिजत होते रानातले कंद. पोरं त्याच्याकडे काही फार खुशीनं बघत नव्हती.

"घरात एवढं भात पडलंय आणि कंद का खाता?"

राहीनं त्यांच्याकडे बघितलं ते असं, की हा माणूस ठाणे जिल्ह्यातलाच ना? "आमचं नवं नाय झालं अजून. वाघबारशीला, दिवालीच्या तोंडावर, भगत देवाला दील, मग आमी खानार. तवर नव्याला आमी हात नाय लावत. आपलं नाय, दुसऱ्याचं नाय."

"दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलंसुद्धा?"

"त्याचंच तर भांडन झालं ना दसऱ्याला! ती समीक्षाबाय सकाली बोलली, रखमे, ते नव्या तांदलानं भरलेलं सूप जरा इकडं दे. हिनं नाय दिलं. बाय रागावली, कोट घालून पन जंगलीच ऱ्हायलीस म्हनली. रखमी घरी येऊन रडली. म्हातारी बाय मेली म्हनून रडली, नि शिवी खाल्ली म्हनून पन रडली."

भगीरथांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिनं साध्या सुपाला हात लावला नाही, ती नव्याच्या पेजेची वाटी उचलून भरवणार? आणि हे समीक्षाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं रखमीचं नाव घेतलं.

पण सुनेला सासूला मारायचंच असतं तर नळी होती, औषधं होती, आणि रात्र होती. सणाच्या दिवशी, देवापुढची वाटी कशाला? ज्यानं भरवलं त्याला मारायचं नव्हतंच. त्याला नवं भरवायचं होतं.

"राही, देवाला दिल्यावर आधी कोण खातं तुमच्यात?"

"घरातलं थोरलं मानूस. त्यानं नाय खाल्लं तर बाकीचं कसं खातील?"

तोरणाची वाळलेली लोंबी भगीरथांच्या डोळ्यांपुढं आली. मग दूधपडदा चढलेले ते डोळे, आणि 'दसऱ्याला हसली व्हती ती'. ते घोंगडीवरून उठले. समीक्षानं भरवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

६

आदेशला त्यांनी घरी गाठलं नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर, रिक्षांच्या पलीकडे, गाठलं. शेजारी समीक्षाही होती, बाजाराची पिशवी घेऊन.

"मी सांगतो, तुम्ही फक्त चुकलं तर बोला," भगीरथ म्हणाले. "तुमच्या घरात नवं पहिल्यांदा थोरली खाते. आईंनी खाल्ल्याशिवाय कुणी शीत तोंडात घालत नाही. समीक्षाताई, तुमच्या मनात होतं, की एक शीत नुसतं ओठाला लावायचं. म्हणून वाटी ठेवली आणि तुळशीपाशी गेलात. रखमी मागल्या गल्लीत होती. आत कुणी नव्हतं. बाबांना पेजेचा वास आला. ते चाचपत आत गेले, वाटी घेतली आणि बायकोला भरवली. ती त्यांच्याकडं बघून हसली, असं त्यांना वाटलं. ते हसणं नव्हतं. श्वास अडकून तोंड वासलं होतं. त्यांना ते दिसलं नाही आणि खोकलाही ऐकू आला नाही. ते समाधानानं ओटीवर येऊन बसले."

समीक्षा पिशवी खाली ठेवून तिथंच रस्त्याकडेला बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

"मी आले तेव्हा बाबा हात पुसत बाहेर चालले होते," ती म्हणाली. "म्हणाले, खाल्लं गो तिनं, आता तुमी खा. मी त्यांना कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?"

"डॉक्टरांनी विचारलं, कुणी भरवलं, तेव्हा बाबा समोरच होते," आदेश म्हणाला. "माझ्या तोंडातून रखमीचं नाव गेलं. बाबांना वाटतं, आपल्यामागून तिनं आणखी कोंबलं. मला वाटलं, चौकशी होईल आणि सुटेल ती. ती तर सारखी म्हणत होती, मी तिथंच होते. ती तसं का म्हणाली?"

"कारण ती नव्हती म्हणाली असती, तर ब्युरोचं बिंग फुटलं असतं आणि वाडीतल्या सगळ्या जणी घरी बसल्या असत्या. मालकानं तिला हेच बजावलं होतं. तुम्ही एका माणसाला वाचवायला तिला धरलंत. ती बाकीच्यांना वाचवायला गप्प बसली. सगळ्यांनी मिळून एकाच बाईच्या मानेवर सुरी ठेवली, आदेशराव, आणि एकानंही तिला विचारलं नाही."

आदेशनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाला, "मी पोलिसांना सगळं सांगतो. उद्याच. पण साहेब, बाबांना नका कळू देऊ. ते जगायचे नाहीत."

७

आदेशनं शब्द पाळला. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला आणि रखमीला बाकावरून उठवलं. तिला सॉरी म्हणायची कुणाला आठवण झाली नाही.

दामूबद्दल भगीरथांनी जे कळलं ते सगळं लिहून वर पाठवलं. वरून उत्तर आलं, की रुग्णसेवेचा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. शेवटी त्यांना सापडलं एकच कलम. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ब्युरोचं शटर उघडं होतं. रंभाबाईंच्या मरणाची नोंद सरकारदरबारी अशी झाली. बिंग फुटल्यावर ब्युरो बंद पडला, महिना सरायच्या आत दामूनं पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या नावाचा बोर्ड लावला, आणि शेणव्याच्या वाडीतली एकही बाई त्यानं पुन्हा घेतली नाही.

"तुमी खरं काढलंत, साहेब," राही त्यांना बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. "आता आमी वीटभट्टीवर चाललो." तिनं टोमणा मारला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

रखमीचं बोचकं काळूरामच्या घरी राहिलं होतं. एक पातळ, एक वाकळ, आणि तिचा फणीकंगवा. एकटीनं जायची तिची छाती होत नव्हती, म्हणून भगीरथ सोबत गेले. समीक्षानं बोचकं आधीच दारात आणून ठेवलं होतं. ती रखमीच्या पाया पडायला वाकली, तर रखमी मागं सरकली.

"कोण आलंय?" ओटीवरून काळूरामनी विचारलं.

म्हातारा उठला, भिंतीला धरून पुढं आला आणि नाक वर करून थांबला. "रखमी ना गो तू?"

"व्हय, बाबा."

"का केलंस गो असं? तुला लेकीसारखी मानली व्हती तिनं."

दारात उभ्या आदेशनं तोंड फिरवलं. भगीरथांच्या जिभेवर शब्द आले होते. खरं कुणाला तरी सांगायचंच असतं, असं ते आयुष्यभर मानत आले होते. त्यांनी रखमीकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. रंभाबाईंच्या तोंडाशी वाकली तेव्हाच तिला नव्या भाताचा वास आला होता, आणि ओटीवर काळूरामच्या बोटांना चिकटलेली शितंही तिनं पाहिली होती. ती वाडीतल्या बायकांसाठी गप्प बसली, हे भगीरथांनी ओळखलं होतं. पण ती आणखी एका माणसासाठी गप्प बसली होती, ते त्यांच्या आता लक्षात आलं.

"मी जागेवर ऱ्हायला पायजे व्हतं, बाबा," रखमी म्हणाली. "मी नाय ऱ्हायले. चुकलं माझं."

म्हाताऱ्याची मान हलत राहिली. त्याचा राग कुठं गेला कोण जाणे. त्यानं हात पुढं केला, तो रखमीच्या खांद्याला लागला, आणि तिथंच राहिला.

"माझ्या हातचं तर नीट खाल्लं व्हतं गो तिनं."

"हां, बाबा," रखमी म्हणाली. "तुमच्या हातचं नीट खाल्लं."

मग तिनं खांद्यावरचा त्यांचा हात उचलून हलकेच भिंतीवर ठेवला, त्यांना धरता यावं म्हणून, आणि आपलं बोचकं उचललं.